ओचो रिओसची अर्ध्या दिवसाची बससहल: वेळ कुठे जातो आणि काय चुकतं

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ओचो रिओसला तिथले लोक नुसतं ‘ओची’ म्हणतात. क्रूझची जहाजं इथे सकाळी लागतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळच्या आत सुटतात, त्यामुळे गावाचं पर्यटन ‘अर्धा दिवस’ या मापातच बेतलेलं आहे. माहितीपत्रकात साडेचार तासांच्या सहलीत धबधबा, फर्न गली (नेच्यांनी भरलेली घळ), टेकडीवरची बाग, बाजार आणि जेवण अशी सगळी यादी असते. ती खोटी नसते, पण धबधबा चढायचा असेल तर बाकीचं बहुतेक सगळं बसच्या काचेतून बघावं लागतं. आणि बाकीचं निवांत बघायचं असेल तर धबधबा कठड्यावरून बघून समाधान मानावं लागतं. यातलं काय हवं ते बसमध्ये चढण्याआधी ठरवलेलं बरं.

मिनिटांचा हिशोब मांडून बघा. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. धक्क्यावर जमायचं, नावं तपासून घ्यायची, कॉफी आणायला गेलेल्या चौघांची वाट बघायची, यात अर्धा तास जातो. डन्स रिव्हर धबधबा धक्क्यापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे, पण रस्ता तुंबलेला असेल तर तिथे पोचायला वीस मिनिटं लागतात. तिकीट, लॉकर, पाण्यात घालायचे बूट आणि गाइडच्या सूचना यांना पंचवीस मिनिटं. चढाईला एक ते दीड तास. अंग पुसून, कपडे बदलून, हस्तकलेच्या बाजाराच्या बोळांतून बाहेर पडेपर्यंत आणखी अर्धा तास. म्हणजे सुरुवातीचं जमणं धरून धबधब्याने १६५ ते १९५ मिनिटं घेतली. उरलेल्या दीडेक तासात फर्न गलीतून वर जाऊन खाली यायचं, एखाद्या ठिकाणी थांबायचं आणि धक्क्यावर परतायचं. बसत नाही असं नाही, पण कुठेतरी कात्री लागतेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत हे वेळापत्रकात आधी बघता येतं. दोन मोठी जहाजं असली की सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत धबधब्यावर अंगारकीला सिद्धिविनायकाला लागते तशी रांग लागते, फक्त ही रांग पाण्यात उभी असते. बस आठच्या आसपास निघणार असेल तर धबधबा सगळ्यात आधी उरकावा. बस दहाला निघणार असेल तर फर्न गली आणि गाव आधी, धबधबा शेवटी, असं सुचवून बघा. छोट्या गटाची सहल असेल तर चालक ऐकतात. धबधबा शेवटी ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ओल्या कपड्यांनी एसी बसमध्ये तासभर कुडकुडावं लागत नाही. तोटा एवढाच की आधीच्या थांब्यांवर उशीर झाला की कात्री धबधब्यालाच लागते.

हॉटेलात उतरलेल्यांसाठी हिशोब थोडा वेगळा आहे. बस चार-पाच हॉटेलांतून माणसं गोळा करते आणि पहिल्या हॉटेलात चढलेला माणूस शेवटचं हॉटेल येईपर्यंत पाऊण-एक तास नुसता बसून असतो. हा वेळ ‘अर्ध्या दिवसा’त धरलेला आहे की नाही, ते नोंदणी करतानाच विचारा. माँटेगो बेहून येणाऱ्यांना तर ओचीपर्यंतच पावणेदोन तास लागतात. तिथून ‘अर्धा दिवस’ म्हणून विकलेली सहल प्रत्यक्षात पूर्ण दिवस खाते.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तिथेच होते. भारतीय पासपोर्टवर जमैकात पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेतून सुटणारं जहाज परत अमेरिकेतच येतं, म्हणून तिथला चालू असलेला, एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. एच-वन-बी वर काम करणाऱ्या अनेकांच्या पासपोर्टमधला शिक्का संपलेला असतो आणि कॅनडा-मेक्सिकोला जाऊन येताना संपलेला शिक्का चालतो ती सवलत इथेही चालेल असं ते धरून चालतात. ती सवलत कॅरिबियन बेटांसाठी फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना आहे. एच-वन-बी चा शिक्का संपला असेल तर ही क्रूझ तुमच्यासाठी नाही.

आता बस. सहलीला बहुतेक वेळा टोयोटा कोस्टर असते, पंचवीस-तीस माणसांची. तिच्या मधल्या वाटेत घडी घालून ठेवलेल्या जादा सीटा असतात. शेवटी चढलात तर तीच वाट्याला येते. पाठ अर्धीच टेकते, आणि मागच्या कुणालाही उतरायचं झालं की तुम्ही उठून सीट मिटवायची. चाकाच्या वरच्या सीटवर पाय गुडघ्यापर्यंत दुमडून बसावं लागतं. बसला पायरी उंच असते आणि आत टॉयलेट नसतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी ही बस उपयोगाची नाही, त्यासाठी वेगळी गाडी मागावी लागते. बसची नंबरप्लेट लाल आहे ना ते बघून घ्या. जमैकात प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाडीलाच लाल पाटी मिळते. साध्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत निम्म्या भाड्यात बसवतो म्हणणारा बंदराच्या फाटकाबाहेर भेटतोच. त्याच्या गाडीला प्रवासी वाहतुकीचा विमाही नसतो, परवानाही नसतो.

जमैकात वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि चालक उजवीकडे बसतो. गावातून धबधब्याकडे जाताना बस पश्चिमेला जाते, म्हणजे समुद्र उजवीकडे असतो आणि खिडकी चालकाच्या बाजूची हवी. माँटेगो बेहून येताना बस पूर्वेला येते, तेव्हा डावीकडची. एवढ्या साध्या गोष्टीवर दोन तासांचं दृश्य अवलंबून असतं.

चालकच अनेकदा गाइडही असतो आणि बोलका असतो. काही विचारायच्या आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. ते न म्हणता थेट प्रश्न टाकणं इथे उद्धटपणाचं समजतात. ‘बस कधी सुटणार?’ याचं उत्तर ‘सून कम’ आलं तर ते आपलं ‘हा काय, आलोच’ आहे असं समजावं, म्हणजे पाच मिनिटंही असू शकतात आणि पस्तीसही. चालक पन्नाशी ओलांडलेला असेल तर क्रिकेटचा विषय काढून बघा. फेब्रुवारी १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघातून खेळताना मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या त्या इथेच, किंग्स्टनच्या सबायना पार्कवर. गावसकरांचं नाव सांगायचीही गरज पडत नाही. वेस्ट इंडीजविरुद्ध तेरा कसोटी शतकं काढणारा माणूस तिकडच्या जुन्या लोकांना पाठ असतो.

आता मुख्य गोष्ट, डन्स रिव्हर. हा धबधबा एकदम खाली कोसळणारा नाही. सुमारे १८० फुटांची उतरण साधारण ६०० फूट लांबीत, पायऱ्यापायऱ्यांनी येते आणि पाणी थेट समुद्राच्या वाळूवर जाऊन मिळतं. या पायऱ्या कोणी कोरलेल्या नाहीत. जमैकाचा बराचसा भाग चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी त्या खडकातून झिरपताना चुना विरघळवून घेतं आणि झऱ्यातून बाहेर येऊन आपटत-फेसाळत खाली उतरताना त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग चुना पाण्यात राहू शकत नाही, तो दगडावर, मुळांवर, अडकलेल्या फांद्यांवर थर धरून बसतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीला पांढरी खपली धरते, तोच प्रकार, फक्त हजारो वर्षं चाललेला. धबधबा अजूनही वाढतो आहे.

हे समजलं की पाय कुठे ठेवायचा तेही समजतं. जिथे पाणी जोरात फेसाळतं तिथला दगड खरखरीत, पिवळसर, पकड देणारा असतो, कारण तिथे नवा थर बसत असतो आणि शेवाळ धरत नाही. जिथे पाणी संथ आहे, सावली आहे, दगड हिरवट आणि गुळगुळीत दिसतो, तिथे पाय घसरतो. नवखे लोक नेमकं उलटं करतात. जोराच्या पाण्याला घाबरून बाजूच्या शांत, हिरव्या दगडावर पाय ठेवतात आणि बसकण मारतात.

चढाई खालून वर असते. आधी पायऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरायचं, तिथे गट जमतो, गाइड पुढे उभा राहतो आणि पंधरा-वीस जणांची हातात हात धरून साखळी होते. ही साखळी फोटोत छान दिसते, पण तिच्यात एक धोका आहे. एकाचा पाय घसरला की तो दोन्ही बाजूच्यांना ओढतो. यावर उपाय म्हणजे बोटं न धरता एकमेकांचं मनगट धरायचं, आणि शेजाऱ्याचा तोल गेलाच तर हात सोडून द्यायचा. बोटात बोटं अडकवून धरली तर ती सुटत नाहीत. शक्यतो गाइडच्या मागे तिसऱ्या-चौथ्या जागी राहा. त्याने पाय कुठे ठेवला ते तिथून दिसतं. साखळीच्या शेपटाला असलेल्याला दर वेळी आधी ताटकळायला लागतं आणि मग पळायला.

पायात रबरी तळाचे, कापडी, पाण्यातले बूट हवेतच. तिथे भाड्याने मिळतात, पण अनेकदा तळ झिजून टायरसारखा गुळगुळीत झालेला असतो. हाताने तळ दाबून, खाचा आहेत ना ते बघून घ्या. त्यापेक्षा घरून निघतानाच डेकॅथलॉनमधून घ्यावेत. कोरडे असताना किंचित घट्ट वाटणारेच घ्या, भिजल्यावर ते सैल होतात. सपाता आणि क्रॉक्स दोन्ही बाद. पहिल्या खोलगट डोहात पाणी त्यांना पायातून ओढून नेतं आणि मग बाकीची चढाई अनवाणी.

अंगठ्या जहाजावर किंवा लॉकरमध्ये ठेवा. झऱ्याचं पाणी समुद्रापेक्षा थंड असतं, थंडीने बोटं बारीक होतात आणि सैल झालेली अंगठी डोहात गेली की गेलीच. मंगळसूत्राचंही तेच, कारण पाण्याचा झोत गळ्यापर्यंत येतो. चष्म्याला मागून दोरी बांधा. जीन्स घालू नका. भिजली की दोन किलोचं ओझं होतं आणि गुडघा वाकत नाही. पोहण्याचे कपडे हॉटेलवरून किंवा जहाजावरूनच आतून घालून निघालात तर कपडे बदलण्याच्या खोलीपुढची पंधरा मिनिटं वाचतात. बसमध्ये परतताना टॉवेल अंथरल्याशिवाय बसू देत नाहीत, म्हणून एक मोठा टॉवेल प्रत्येकी. आणि ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. एक फाटतेच.

मध्ये दोन-तीन डोह येतात. गाइड तिथे मागे वळून पाण्यात पडायला सांगतो, दगडावरून घसरायला लावतो, व्हिडिओवाला चित्रण करत असतो. यातलं काहीही सक्तीचं नाही. व्हिडिओ शेवटी विकायला ठेवतात, तोही घ्यायलाच हवा असं नाही. गुडघा बदललेल्यांनी, गरोदर बायकांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी चढू नये. त्यांच्यासाठी धबधब्याच्या कडेने पायऱ्यांची वाट आणि मध्ये मध्ये बघायचे ओटे आहेत. चढाई अर्ध्यात सोडायची वेळ आली तर मधल्या ठिकाणांहून या वाटेवर बाहेर पडता येतं. खरं सांगायचं तर चांगले फोटो या ओट्यांवरूनच येतात. घरातल्या एखाद्याने वर न चढता तिथे थांबावं आणि सगळ्यांचे फोन त्याच्याकडे द्यावेत, ही सगळ्यात सोयीची वाटणी.

डोंगरात रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी गढूळ होतं, ओढ वाढते आणि चढाई बंद ठेवतात. मे, ऑक्टोबर आणि उत्तर किनाऱ्यावर नोव्हेंबर-डिसेंबर हे पावसाचे महिने. चक्रीवादळांचा काळ १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मेलिसा वादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची वाताहत केली. ओची त्यामानाने वाचलं, पण कुठलं ठिकाण चालू आहे ते निघण्याच्या आठवड्यात विचारून घ्यावं. धबधबा बंद असेल तर पैसे परत की दुसरं ठिकाण, हेही नोंदणीच्या वेळीच लिहून घ्या.

फर्न गलीवर मात्र फार आशा लावू नये. गावाच्या दक्षिणेला रस्ता एका घळीत शिरतो आणि सुमारे पाच किलोमीटर वळणं घेत चढतो. ही एका जुन्या नदीची कोरडी वाट आहे. १८८० च्या दशकात इथे नेचे लावले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नेचे आणि वर झाडांचा मांडव, त्यामुळे भर दुपारी चालकाला दिवे लावावे लागतात. आंबोली किंवा ताम्हिणी पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की वाहनांच्या धुराने आणि १९८८ च्या गिल्बर्ट वादळाने मांडवाला भोकं पडली आहेत, आणि ऊन आत आलं की नेचे सुकतात. बस थांबते ती विक्रेत्यांच्या टपऱ्यांपाशी. रस्ता अरुंद आहे, वळणावर समोरून ट्रक येतो, म्हणून फोटोसाठी रस्त्यावर उतरू नका. मोठा पाऊस झाला की ही घळ पुन्हा नदीसारखी वाहते आणि रस्ता बंद होतो.

वर टेकडीवर शॉ पार्क रोडला कोनोकोसारख्या बागा आहेत. तिथे आपल्या डोळ्यांना नवल वाटेल असं कमी आहे. जास्वंद, हळदीच्या कुळातली फुलं, केळी, नारळ हे सगळं घरचंच. मात्र तिथून खाली दिसणारा उपसागर बघायला वीस मिनिटं जरूर द्या, कारण गावाची गोष्ट तिथून कळते.

‘ओचो रिओस’ म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ नद्या, पण इथे आठ नद्या नाहीत. स्पॅनिश लोक या भागाला ‘लास चोरेरास’, म्हणजे धबधबे, म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्याचं वाटोळं होऊन आजचं नाव झालं, असं मानतात. गाव मासेमारीचं होतं. मग रेनॉल्ड्स कंपनीने वर लिडफर्डला बॉक्साइट खणायला घेतलं, ते दोरीवरच्या बादल्यांतून डोंगर उतरवून खाली धक्क्यावर आणलं आणि १९५२ मध्ये पहिलं जहाज भरलं. पश्चिमेकडचा धक्का अजून रेनॉल्ड्सच्याच नावाने ओळखला जातो. कंपनीने १९८४ मध्ये गाशा गुंडाळला. लाल माती पाहून कोकणातल्या माणसाला सड्याची आठवण होईल, पण इथे खाली जांभा नाही, चुनखडी आहे. आणि तो सुंदर अर्धवर्तुळाकार समुद्रकिनारा? तो बराचसा बनवलेला आहे. साठच्या दशकाच्या शेवटी उपसागर उपसून, ती वाळू पसरून जमीन आणि पुळण तयार केली. बहुतेक गाइड हे सांगत नाहीत, विचारलंत तर सांगतात.

जेवणाला सहलीत अर्धा तास मिळतो. जर्क म्हणजे पिमेंटोच्या (ऑलस्पाइसच्या) लाकडाच्या धगीवर मंद शिजवलेलं कोंबडीचं किंवा डुकराचं मांस, वर स्कॉच बॉनेट मिरचीचा मसाला. ही मिरची लवंगीपेक्षा तिखट आणि वासाला फळासारखी असते. तिखटाची सवय आहे म्हणून जादा सॉस ओतून घेऊ नका, आधी थेंबभर चाखा. शाकाहारींनी ‘आयटल’ हा शब्द लक्षात ठेवावा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं बिनमांसाचं, बऱ्याचदा बिनमिठाचं जेवण. ‘राइस अँड पीज’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात. तो शाकाहारी दिसतो, पण कधीकधी त्यात खारवलेल्या मांसाचा तुकडा घातलेला असतो, म्हणून विचारा. कॅलालू ही आपल्या माठाच्या कुळातली पालेभाजी आहे. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस, भाजलेला. बॅमी ही कसावाची जाड भाकरी, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचीच. अकी हे राष्ट्रीय फळ असलं तरी ते ‘सॉल्टफिश’ (खारवलेला मासा) घालून करतात. करी गोट आणि रोटी इथे आली ती १८४५ पासून ऊसमळ्यांवर आणलेल्या सुमारे ३६ हजार भारतीय मजुरांबरोबर. गांजा हा शब्दही त्यांच्याबरोबरच आला. २०१५ पासून दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणं हा इथे फौजदारी गुन्हा नाही, पण जहाजावर आणि विमानतळावर तो गुन्हाच आहे. कोणी ‘थोडंसं घेऊन जा’ म्हणाला तर हात जोडावेत.

धबधब्यातून बाहेर पडायचा रस्ता बाजारातून काढलेला आहे, नागमोडी. इथे एक खेळ ठरलेला. कोणी हसतमुखाने तुमचं नाव विचारतो, मुलाचं नाव विचारतो. तुम्ही सांगता. तो बोलता बोलता हातातल्या लाकडी पक्ष्यावर ते नाव कोरतो आणि पुढे करतो. आता यावर तुमचं नाव आहे, दुसरा कोण घेणार, वीस डॉलर द्या. नाव सांगायचं नाही, चालत राहायचं, ‘नो थँक्स’ एकदाच आणि हसून म्हणायचं. खरेदी करायचीच असेल तर पहिल्या भावाच्या निम्म्यावर सौदा सुरू होतो. पोवळं आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नका, परतताना कस्टममध्ये अडकतात. ब्लू माउंटन कॉफीच्या पाकिटावर ‘ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर त्यात ब्लू माउंटन किती आहे ते वाचा.

अमेरिकी डॉलर सगळीकडे चालतात, सुटे न्या. एका अमेरिकी डॉलरला दीडशेच्या वर जमैकन डॉलर मिळतात, म्हणून ‘पाचशे डॉलर’ ऐकून दचकू नका, कुठले डॉलर ते आधी विचारा. धबधब्याच्या गाइडला माणशी तीन ते पाच अमेरिकी डॉलर, चालकाला सहलीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के हा बक्षिशीचा रिवाज आहे. वीसची नोट काढून सुटे मागत बसलात तर सुटे येत नाहीत. आणि मुलांना लष्करी ठिपक्यांचे, हिरव्या-तपकिरी छापाचे कपडे घालू नका. जमैकात नागरिकांनी ते घालायला कायद्याने बंदी आहे.

शेवटची चूक सगळ्यात महाग पडते. जमैका घड्याळ पुढे-मागे करत नाही. फ्लोरिडात मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे असतं. जहाजाने आपली वेळ बदलली नसेल आणि तुमचा फोन किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागला असेल, तर फोनवर तीन वाजले तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात. सकाळी उतरताना जहाजाच्या घड्याळाचा फोटो काढा किंवा हाताला साधं घड्याळ बांधा. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. बाहेरची सहल स्वस्त असते आणि गट छोटा असतो, म्हणून ती घेण्याला माझी हरकत नाही, पण तेव्हा जहाजावर चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी दीड तास परतायचं असं चालकाला सकाळीच सांगा.

फाटकावर सामान तपासतात. रमच्या बाटल्या जहाजवाले काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. फळं आत नेता येत नाहीत, आणि मे ते जुलैमध्ये गेलात तर याचं वाईट वाटेल, कारण बाहेर टोपलीत ‘बॉम्बे’ नावाचा आंबा असतो. खरंच हेच नाव. चाकू मधोमध गोल फिरवायचा, दोन्ही अर्धे हातात धरून उलटसुलट पिळायचे, कोय एका बाजूला सुटून येते आणि दोन वाट्या उरतात. चमच्याने, फाटकाच्या बाहेर उभ्याउभ्याच खायच्या.